तिथीवरून भरतीची वेळ काढा

अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं, पण पोचेपर्यंत भरती लागली तर किनाऱ्यावरूनच परतावं लागतं. घरातलं कॅलेंडर आधीच बघून निघा.

१. शुक्ल असो वा कृष्ण पक्ष, तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा. चतुर्थीला ३ आले, म्हणजे पूर्ण भरती दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास.
२. त्यात सहा तास मिळवा: नऊला सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. सकाळी साडेसातला निघालात तर निवांत किल्ला बघून होतो.

कॅलेंडर हाताशी नसेल तर चंद्र बघा. तो उगवताना किंवा मावळताना साधारण ओहोटी, डोक्यावर आला की भरती. रात्री गळ टाकणाऱ्यांना हे फार उपयोगी आहे.

अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी फारसं हटत नाही. त्यामुळे हिशोब जुळला तरी चालत जायला पुनवेनंतरचे किंवा अवसेनंतरचे दोन-चार दिवसच मला बरे वाटतात.

हा अंदाज तासभर चुकू शकतो. रत्नागिरी-मालवणकडे भरती मुंबईपेक्षा लवकर येते. म्हणून छापील वेळापत्रक पडताळा, पाणी फिरायच्या आत परता, आणि पावसाळ्यात पाण्यात उतरूच नका.