बाथरूम लहान मुलांसाठी तयार करताय? आधी कडी बदला

प्लंबरच्याही आधी सुताराला बोलवा. बाथरूमच्या दाराची आतली कडी मुलाचा हात पोचेल एवढ्या उंचीवर असेल, तर बाकीची तयारी नंतर. आम्ही गीझर, फरशी, ॲसिड सगळं बघितलं, कडी तेवढी राहिली, आणि दोन वर्षांची लेक आत अडकली. या वयाची मुलं खेळता खेळता कडी सरकवतात, पण घाबरली की तीच कडी त्यांना उघडता येत नाही. आत ओली फरशी आणि भरलेली बादली, आपण दाराबाहेर. खालची कडी काढूनच टाका. नवी अगदी वर लावा, मोठ्यांनाही हात उंच करावा लागेल अशी. पीव्हीसीचं दार पोकळ असतं, त्यात स्क्रू धरत नाही. आरपार नट-बोल्ट मारून घ्या. गोल मुठीचं लॉक असेल तर बाहेरून नाण्यानं फिरवता येईल अशी खाच असलेलंच घ्या. बाहेरची कडीही उंचावर हवी, कारण वापर नसेल तेव्हा बाथरूम बाहेरून बंदच राहायला हवं.

आता पाणी. नळाला ठरावीक वेळीच पाणी येतं, म्हणून बादल्या भरून ठेवायची आपली जुनी सवय. घरात रांगतं मूल असेल तर ती मोडाच. त्याचं डोकं बाकी अंगाच्या मानानं जड असतं. बादलीत वाकलं की तोल जातो आणि परत वर येता येत नाही. दोन-तीन इंच पाण्यातही मूल बुडतं, आणि बहुतेक वेळा आवाजसुद्धा होत नाही. पाणी साठवावंच लागत असेल तर फिरकीच्या घट्ट झाकणाचं पिंप घ्या. नुसतं वर ठेवलेलं ताट म्हणजे झाकण नव्हे. आंघोळ झाली की बादली, टब रिकामे करून उपडे घाला. आंघोळ चालू असताना बेल वाजली तर मुलाला टॉवेलात गुंडाळून सोबत न्या. ‘ताईला लक्ष ठेवायला सांगितलंय’ हे चालणार नाही, ताई स्वतःच सहा वर्षांची असते.

गीझरचा थर्मोस्टॅट ५० अंशांच्या वर नको. ६० अंशांच्या पाण्यानं लहान मुलाची नाजूक कातडी काही सेकंदांत खोलवर भाजते. बादलीत आधी गार पाणी, मग गरम, उलटं कधीच नाही. आंघोळीला ३७-३८ अंश पुरे. कोपर बुडवून बघा, आपल्या हाताच्या पंजाला गरम पाण्याची सवय झालेली असते. गॅस गीझर बाथरूमच्या आत असेल तर तो बाहेर मोकळ्या हवेत हलवा. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस गुंगीत जातो आणि कळतही नाही. यात ‘खिडकी उघडी ठेवतो की’ म्हणून वेळ मारून नेऊ नका. बादलीत बुडवायचा हीटिंग रॉड घरात नकोच. इलेक्ट्रिशियन आलाच आहे तर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की लगेच वीज तोडणारा स्विच) आहे का, तो चालतो का, हेही बघून घ्या.

ॲसिड, फिनाईल, ड्रेनेज साफ करायची पूड कुलपात. आणि मूळ डब्यातच. कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून ठेवलेलं ॲसिड मूल सरबत म्हणून तोंडाला लावतं. कुणी प्यायलंच तर उलटी करवू नका, येताना अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजते. बाटली बरोबर घेऊन थेट हॉस्पिटल.

फरशीवर खाली चोषक (फरशीला घट्ट चिकटणाऱ्या रबरी वाट्या) असलेली रबरी मॅट. रोज उचलून वाळवा, नाहीतर खालीच शेवाळ धरतं. कमोडला लहान सीट आणि पाय टेकायला स्टूल. पण स्टूल आलं की मूल उंच होतं, म्हणून त्यावर मुलाला उभं करून त्याचा हात कुठवर जातो ते बघा. कडीपर्यंत गेला तर कडी अजून वर. दर सहा महिन्यांनी पुन्हा बघा, मुलं वाढतात.

रेझर, औषधं वर. नळाच्या टोकदार तोट्यांना रबरी टोप्या. टॉवेलचा हूक मुलांच्या उंचीला, छोटा मग, झालं.

आजोळी किंवा लग्नाच्या हॉलमध्ये कडी बदलता येत नाही. तिथं दाराच्या वरच्या कडेवर जाड टॉवेल टाकून ठेवा, दार पूर्ण बंदच होत नाही. मूल आत अडकलंच तर गीझर बाहेरून बंद करा, त्याला दारापासून लांब खाली बसायला सांगा, बोलत राहा. दार उघडत नसेल तर वेळ न घालवता अग्निशमन दल, १०१. आणि चटका बसला तर २० मिनिटं वाहत्या नळाखाली. टूथपेस्ट नाही, हळद नाही, बर्फही नाही, मग डॉक्टर.