खिडकी-बटणवालं प्रोग्रामिंग शिकायचंय? आधी हे बघ भो

जळगाव-धुळ्याकडची पोरं विचारतात की पायथन येतं पण स्क्रीनवर बटण कसं आणायचं, तर सुरुवात टीकेइंटर (tkinter) म्हणजे खिडक्या-बटणं बनवायच्या पायथनच्या लायब्ररीपासून कर, विंडोजवर ते पायथनसोबतच येतं, उबंटूवर मात्र पायथन३-टीके (python3-tk) वेगळं टाकावं लागतं. कमांड लाइनवर पायथन -एम टीकेइंटर (python -m tkinter, उबंटूवर python3 -m tkinter) मार, छोटी खिडकी उघडली म्हणजे काम झालं.

आता ट्युटोरियल निवडताना पहिली इम्पोर्टची ओळ बघायची, त्यात टीकेइंटरचा टी कॅपिटल असला तर तो पायथन २ चा जमाना, सोडून दे. मी हे न बघता दोन दिवस एररशी डोकं फोडलंय, म्हणून सांगतो. वाचायला टीकेडॉक्स (TkDocs) ही वेबसाइट एकदम भारी. इंग्रजी जड जात असेल तर आयआयटी बॉम्बेच्या स्पोकन ट्युटोरियलवर मराठी आवाजातले व्हिडिओ आहेत, त्यात आधी प्रोग्रामिंगचं बेसिक पक्कं कर.

पुढे क्यूट (Qt) हे खिडक्या बनवायचं मोठं टूलकिट, ते पायथनमधून पायसाइड६ने (PySide6) वापरतात, त्याच्या डिझायनरमध्ये बटणं ओढून ठेवता येतात, पण लेआउट, म्हणजे खिडकीत बटणांची मांडणी कशी ठरते ते, समजल्याशिवाय तिकडे जाऊ नको, नाहीतर खिडकी मोठी केली की सगळं विस्कटतं.

आणि नुसते व्हिडिओ बघत बसू नको, रावेरच्या केळीचं वजन न् भाव टाकला की बिल दाखवणारी खिडकी बनव, अडलास की मग शोध.