यादीत कोणतं हार्डवेअर "चालतं" म्हणून लिहायचं?

शाळेच्या जुन्या पीसीवर लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टीम) टाकून देणारे पोट्टे आता आपल्याकडे बरेच झाले, प्रत्येकजण आपलं डॉक्युमेंट बनवतो अन् त्यात "सपोर्टेड हार्डवेअर" म्हणून लंबी यादी ठोकतो. भौ, ती यादी वाचून कोणीतरी मास्तर एसटीनं तालुक्याला जाऊन वायफाय डोंगल आणतो, तेव्हा एकेक ओळ जपून लिहा.

डब्यावरच्या नावानं भागत नाही, आतली चिप लिहा. टीपी-लिंकचा टीएल-डब्ल्यूएन७२२एन घ्या, व्हर्जन १ मध्ये एथेरॉसची एआर९२७१ चिप, तिचा ड्रायव्हर (चिप चालवणारा प्रोग्राम) कर्नेलमध्येच, म्हंजे लिनक्सच्या गाभ्यातच आहे, अन् व्हर्जन २ पासून आत रियलटेकची, नाव मात्र तेच. मीबी आधी एका डोंगलचं नुसतं नावच लिहिलं होतं, मग काय, शिव्या खाल्ल्या. डोंगल लावून एलएसयूएसबी (lsusb) कमांड मारा, ०सीएफ३:९२७१ असा आयडी दिसते, तोच यादीत टाका. पीसीच्या आतलं कार्ड असंन तर एलएसपीसीआय (lspci) कमांड.

कोणी लावून पाह्यलं, लिनक्सच्या कोणत्या व्हर्जनवर, कोणत्या महिन्यात, हे सोबत पाह्यजेच. "चालायला पाह्यजे" वाली ओळ सरळ काढून टाका.

प्रिंटरले जरा जास्त वेळ द्या. एचपी लेझरजेट १०२० च्या पोटात फर्मवेअर (प्रिंटरचा आतला प्रोग्राम) टिकत नाही, प्रिंटर बंद करून चालू केला की पीसीनं ते परत चढवावं लागते. आता उन्हाळ्यात आपल्याकडे लाइट दिवसातून किती डाव जाते ते तुमाले ठाऊकच आहे. म्हणून टेस्ट करताना एक पेपर निघाला की खुश होऊ नका, स्विच बंद करा, चहा पिऊन या, चालू करा अन् मग दाखला छापून पाहा. एचपीलिपनं (एचपीच्या प्रिंटरसाठीचं लिनक्सवरचं सॉफ्टवेअर) लावत असान तर प्लगइन नेटवरून उतरवावं लागते, तेबी लिहा, कारण शाळेत नेट म्हंजे मास्तरच्या मोबाइलचा हॉटस्पॉट.

३२-बिटवाल्या (जुन्या प्रोसेसरच्या) पीसीचं आधीच सांगून टाका. डेबियन हा लिनक्सचाच एक प्रकार, त्याचं व्हर्जन १३ ऑगस्ट २०२५ मध्ये आलं, त्यात त्यांच्यासाठी इन्स्टॉलरच नाही, मंग डेबियन १२ लिहा.

अन् "चालत नाही" हा रकाना वेगळा अन् सगळ्यात वर ठेवा. लोकं तो टाकायले लाजतात, काहून ते समजत नाही, दुकानात उभं राहून मोबाइलवर पाहणारा माणूस पहिले तोच शोधते. अर्धवट चालणाऱ्याचं काय चालत नाही ते लिहा: आवाज येते पण माईक नाही, स्कॅनर चालते पण फक्त यूएसबीनं.

लिनक्सचं नवीन व्हर्जन आलं अन् कोणी परत लावून पाह्यलं नाही, तर ती ओळ "चालतं" मधून काढून "तपासायचं बाकी" मध्ये टाका. आमच्या यादीतल्या अर्ध्या ओळी सध्या तिथंच आहेत.