इफेक्ट प्लगिन वापरताय? मग या चुका टाळा

संगणकावर इलेक्ट्रॉनिक संगीत बनवणाऱ्या नवशिक्यांचे प्रोजेक्ट उघडून बघायची वेळ माझ्यावर वरचेवर येते. 'मिक्स गढूळ येतंय', 'ड्रॉपला (ठेका पूर्ण जोराने परततो तो भाग) दम नाही', 'हेडफोनवर भारी वाटतं, बाहेर वाजवलं की पडतं' या ठरलेल्या तक्रारी, आणि आत डोकावलं की चुकाही ठरलेल्याच. प्लगिन (आवाजावर प्रक्रिया करणारं जोड-सॉफ्टवेअर) कमी प्रतीचं आहे म्हणून ट्रॅक बिघडला, असं जवळजवळ कधीच नसतं. डीएडब्ल्यूसोबत (संगीत बनवायचं मुख्य सॉफ्टवेअर) मिळणारा इक्यू (फ्रिक्वेन्सी कमी-जास्त करणारा), कॉम्प्रेसर (चढे भाग दाबणारा), डिले (आवाज थोड्या वेळाने वाजवणारा) आणि रिव्हर्ब (जागेचा घुमारा देणारा) एवढ्यावर उत्तम इलेक्ट्रॉनिक ट्रॅक उभा राहतो. घोडं अडतं ते ऐकण्यापाशी.

चढा आवाज म्हणजे चांगला आवाज, असं समजणं

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक हीच. बहुतेक इफेक्ट लावले की पातळी थोडी वाढते. सॅच्युरेटर हार्मोनिक्सची (मूळ सुराच्या पटीतले वरचे सूर) भर घालतो, कॉम्प्रेसरचा ऑटो मेकअप गेन आपणहून लेव्हल वर नेतो, प्रीसेटमध्येही आउटपुट बऱ्याचदा जरा चढाच ठेवलेला असतो. आणि आपले कान चढ्या आवाजावर भाळतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 सालीच मोजून दाखवलं की आवाज लहान असताना खालच्या आणि अगदी वरच्या फ्रिक्वेन्सी कानाला कमी जाणवतात, आणि आवाज वाढवला की त्या भरून येतात. त्यातही अर्ध्या-एक डेसिबलचा फरक फसवा असतो. तेवढा फरक 'आवाज वाढला' म्हणून ओळखता येत नाही, 'आवाज सुधारला' असंच वाटतं.

मागे एकाने मला त्याचा टेक्नो ट्रॅक पाठवला. किक (ठेक्याचा जड ढोल) कितीही वाढवली तरी छातीत लागत नाही, असं त्याचं म्हणणं. किकच्या चॅनेलवर आठ प्लगिन होती. पहिल्या कॉम्प्रेसरचा अटॅक (दाबायला लागणारा वेळ) एक मिलिसेकंदाच्या आसपास, म्हणजे किकचा सुरुवातीचा टोला तिथेच चेपला गेला. पुढे ट्रान्झिएंट शेपर, तो चेपलेला टोला परत ओढून वर काढत होता. त्यापुढच्या सॅच्युरेटरने तो पुन्हा बसवला. मग इक्यूने वरची धार वाढवली आणि दुसऱ्या कॉम्प्रेसरने ती खाली आणली. साखळीच्या शेवटी लिमिटर, पातळी ठरलेल्या मर्यादेपुढे जाऊ न देणारा. प्रत्येक टप्प्यावर पातळी थोडी वाढत गेली होती, त्यामुळे प्रत्येक प्लगिन लावताना त्याला 'आता बरं वाटतंय' असं मनापासून वाटलं होतं. मी प्रत्येक प्लगिनचा आउटपुट उतरवून चालू-बंद दोन्ही अवस्थांत आवाज सारखा केला आणि त्याला ऐकवलं. पाच प्लगिननी काहीच फरक पडत नव्हता, दोन आवाज बिघडवत होती आणि एक इक्यू खरोखर उपयोगी होता. इक्यू ठेवला, बाकी सगळं काढलं. मूळ सॅम्पलमध्ये जो दणका होता तो परत आला.

माझी सवय सांगतो. प्लगिन लावलं की पहिला हात आउटपुट गेनवर जातो. बायपास (प्लगिन तात्पुरतं बंद) केल्यावर आवाज लहान-मोठा होणार नाही इतका तो जुळवून घेतो. मग डोळे मिटून बायपासच्या बटणावर भराभर क्लिक करत राहतो, चालू आहे की बंद हे विसरायला होईपर्यंत. थांबतो, ऐकतो, कुठली बाजू बरी ते ठरवतो आणि मगच डोळे उघडतो. बंद बाजू निवडली गेली असेल तर प्लगिन जातं, मग त्याची किंमत कितीही असो. मीटर बघून जुळवलं तर चालेल का, असं विचारणारे भेटतात. सुरुवात मीटरने करा, शेवट कानाने. पीक मीटर सारखा दाखवत असला तरी कॉम्प्रेस केलेला आवाज कानाला मोठाच लागतो.

स्टिरिओ रुंद करण्याचा हव्यास

एका छोट्या कार्यक्रमात मी साउंड सांभाळत होतो. लॅपटॉपवर लाइव्ह सेट वाजवणारा एक तरुण निर्माता होता, कष्टाळू, सगळे आवाज स्वतः बनवणारा. त्याचा मुख्य ट्रॅक सुरू झाला. किक आली, बेस आला, आणि लीड (मुख्य सुरावट) यायच्या जागी काहीच आलं नाही. म्हणजे अगदीच काही नाही असंही नव्हतं. मागून कुठून तरी रिव्हर्बची धूसर शेपटी तेवढी येत होती, मूळ सूर गायब. तो स्टेजवरून लीडचा फेडर वर वर नेत होता, कानातल्या हेडफोनमध्ये त्याला लीड मोठा होत गेलेला ऐकू येत होता, आणि समोरच्या लोकांना फक्त ढोबळ ठेका. तो मला खुणेने विचारत होता की केबल गेली का.

केबल धड होती. सभागृहातली सिस्टीम मोनो होती, मोठ्या जागांमध्ये असते तशी. त्याने लीडवर जे वायडनर (स्टिरिओ रुंद करणारं प्लगिन) लावलं होतं ते एका बाजूची पोलॅरिटी उलटी करत होतं. हेडफोनमध्ये डावा कान आणि उजवा कान वेगवेगळे, त्यामुळे आवाज डोक्याभोवती पसरल्यासारखा वाटायचा. मोनोमध्ये दोन्ही बाजूंची बेरीज होते, आणि एखाद्या लाटेत तिचीच उलटी लाट मिळवली की उरतं शून्य. रिव्हर्बच्या डाव्या आणि उजव्या बाजू एकमेकींपासून वेगळ्या असतात, म्हणून तो तेवढा वाचला. फेडर कितीही चढवला तरी शून्याची काही वाढ होणार नव्हती. कार्यक्रमानंतर प्रोजेक्ट उघडून मास्टरवर (सगळे चॅनेल जिथे एकत्र येतात तिथे) मोनो बटण दाबलं, तेव्हा त्याचा चेहरा उतरला. बिचाऱ्याने वर्षभर तो ट्रॅक घासला होता आणि एकदाही मोनोत ऐकला नव्हता.

उलटी पोलॅरिटी हे टोकाचं उदाहरण झालं. जास्त दिसणारा प्रकार म्हणजे एका बाजूला काही मिलिसेकंदांचा डिले देऊन केलेली रुंदी. हेल्मुट हास यांनी 1949 साली मांडलेला हा परिणाम: एकच आवाज दोन बाजूंनी थोड्या अंतराने आला तर कान तो एकच धरतात, आणि जी बाजू आधी आली तिकडून आला असं मानतात. हेडफोनवर हे सुरेख वाटतं. पण 10 मिलिसेकंदांचा डिले असलेल्या दोन बाजू मोनोत एकत्र आल्या की 50, 150, 250 हर्ट्झ अशा ठिकाणी ओळीने खड्डे पडतात. बेसवर हे केलंत तर बेसचे काही सूर वाजतील आणि काही गळून पडतील. मग नवशिका 'बेस एकसारखा ऐकू येत नाही' म्हणून आणखी एक कॉम्प्रेसर लावतो.

यावर उपाय कष्टाचा आहे, म्हणून तो कोणाला आवडत नाही. रुंदी हवी असेल तर दोन खरोखर वेगळे आवाज बनवा. तीच चाल दोन वेगळ्या पॅचवर (सिंथच्या आवाजांवर) वाजवा, फिल्टर आणि डिट्यून (सुराची किंचित सरक) थोडे वेगळे ठेवा, एक डावीकडे, एक उजवीकडे. मोनोत ते एकमेकांना खात नाहीत. साधारण 120 हर्ट्झच्या खालचं सगळं मी मधोमध ठेवतो आणि मास्टरवर मोनोचं बटण कायम हाताशी ठेवतो. वायडनर मी वापरतो ते पॅडवर किंवा पार्श्वभूमीच्या खुसफुशीवर, जे थोडं हरवलं तरी ट्रॅक कोसळत नाही अशा ठिकाणी. एका नॉबने मिळणारी रुंदी फुकट मिळत नाही.

रिव्हर्ब चॅनेलगणिक

दहा चॅनेल, दहा रिव्हर्ब, दहा वेगवेगळ्या खोल्या. ऐकणाऱ्याला कुठलीच जागा जाणवत नाही, नुसता चिखल होतो. एक लहान आणि एक मोठा असे दोन रिव्हर्ब रिटर्न चॅनेलवर (सगळ्यांना सामायिक इफेक्टचा चॅनेल) ठेवा, वेट (इफेक्टचं प्रमाण) 100 टक्के, आणि ज्याला जेवढं हवं तेवढं सेंडने पाठवा. रिटर्नवर रिव्हर्बच्या आधी इक्यू लावून 250-300 हर्ट्झच्या खालचं कापून टाका. गढूळ मिक्सच्या निम्म्या तक्रारी एवढ्याने मिटलेल्या मी पाहिल्यात. सूर पुढे आणि जागा मागे हवी असेल तर प्री-डिले (मूळ आवाज आणि रिव्हर्ब यांमधलं अंतर) 20-30 मिलिसेकंद करा.

डिके (रिव्हर्बची शेपटी विरायला लागणारा वेळ) किती ठेवायचा हे टेम्पोकडे बघून ठरवा. 60,000 भागिले बीपीएम (मिनिटाला ठोके) केलं की एका ठोक्याचे मिलिसेकंद मिळतात. 128 बीपीएमला 468.75. चार सेकंदांचा डिके म्हणजे शेपटी आठ ठोक्यांच्याही पुढे चालली, दोन बार उलटून गेले. ब्रेकडाउनमध्ये (ठेका थांबतो तो भाग) ते शोभतं, ड्रॉपमध्ये तीच शेपटी किकवर येऊन बसते. रिव्हर्बच्या रिटर्नवर किकने चालणारा साइडचेन कॉम्प्रेसर, म्हणजे किक वाजली की रिव्हर्ब दाबणारा, लावून बघा. सोपं आहे, तरी फार थोडे लोक करतात.

बाकी थोडक्यात

साइडचेनची सेटिंग व्हिडिओत बघून जशीच्या तशी उतरवू नका. समोरच्याचा ट्रॅक 128 बीपीएमचा, तुमचा 140 चा. तुमचा ठोका 429 मिलिसेकंदांत संपतो, म्हणून रिलीजही (दाब सुटायला लागणारा वेळ) तुमच्या ठोक्यावर जुळवा. किकने दाबलेला बेस पुढच्या किकच्या आधी पूर्ण वर आला पाहिजे.

बेस खरखरतो आहे आणि कारण सापडत नाही? कॉम्प्रेसरचा रिलीज बघा. 50 हर्ट्झच्या लाटेचं एक आवर्तन 20 मिलिसेकंदांचं असतं. अटॅक आणि रिलीज दोन्ही त्याहून बरेच कमी असतील तर कॉम्प्रेसर आवाजाच्या चढउताराऐवजी लाटेचाच पाठलाग करू लागतो आणि तिचा आकार बिघडवतो. रिलीज 80-100 पर्यंत नेऊन ऐका.

अ‍ॅनालॉग यंत्रांची नक्कल करणाऱ्या प्लगिनमध्ये सिंथचा कडक चढा सिग्नल तसाच कोंबू नका. यातली बरीचशी प्लगिन उणे 18 डीबीएफएस (डिजिटल पातळीचं माप) म्हणजे शून्य व्हीयू (अ‍ॅनालॉग मीटरवरची पातळी) असं धरून बनवलेली असतात. 'डीएडब्ल्यू आतून 32 बिट फ्लोटवर चालतं, क्लिप होतच नाही' हा युक्तिवाद मला कायम ऐकवला जातो. मिक्सरपुरता तो खरा आहे. पण ज्या प्लगिनचं कामच आत येणाऱ्या पातळीवर अवलंबून आहे, तिथे तो लागू पडत नाही. आधी ट्रिम लावून पातळी उतरवा.

त्याच नकला कधीकधी मूळ यंत्राची हिस्स आणि हमसुद्धा घेऊन येतात. शांत जागी सुंऽऽ असा आवाज येत असेल तर प्लगिनमध्ये नॉइज किंवा अ‍ॅनालॉग नावाचा स्विच आहे का ते शोधा. वीस चॅनेलवर तो चालू असला की बेरीज चांगलीच ऐकू येते.

डिस्टॉर्शन लावल्यावर वरच्या पट्टीत बेसूर, काचेसारखा आवाज येतो तो एलियासिंगमुळे. 44.1 किलोहर्ट्झच्या प्रोजेक्टमध्ये 10 किलोहर्ट्झच्या सुराचा तिसरा हार्मोनिक 30 वर जायला हवा, पण तिथे जागाच नाही, म्हणून तो दुमडून 14.1 वर उतरतो आणि कुठल्याच सुराशी जुळत नाही. ओव्हरसॅम्पलिंग (प्लगिनने आतून जास्त सॅम्पल रेटवर काम करणं) चालू करा. प्रोसेसरवर ताण येत असेल तर फक्त रेंडर करताना करा.

कीबोर्ड दाबल्यावर सूर उशिरा येत असेल तर लगेच ऑडिओ इंटरफेसला दोष देऊ नका. मास्टरवर लिनियर फेज इक्यू किंवा लुकअहेड (पुढचा आवाज आधी बघून घेणं) असलेला लिमिटर बसलेला असतो. 4,096 सॅम्पलची लेटन्सी (उशीर) 44.1 किलोहर्ट्झला 93 मिलिसेकंद होते, तेवढ्यात हाताचा ठेका पार ढिला पडतो. रेकॉर्डिंग होईपर्यंत ते बंद ठेवा. आणि लिनियर फेज इक्यू किकवर नकोच, टोल्याच्या आधी एक बारीकसा झंकार उमटतो.

सोलो करून, म्हणजे एकच चॅनेल ऐकत, इक्यू लावणं बंद करा.

मास्टरवर लिमिटर आधीच ठोकून मिक्स करायला बसणारे घाईचे लोक मला समजत नाहीत. लिमिटर चुका झाकतो आणि तुम्हाला वाटतं की मिक्स जमलं. शेवटी लावा, ट्रू पीक उणे 1 डेसिबलवर ठेवा. स्पॉटिफाय गाणी साधारण उणे 14 एलयूएफएसवर (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप) आणून वाजवतो, त्यामुळे त्याहून बराच चढा केलेला मास्टर तिथे खालीच ओढला जातो. याचा अर्थ उणे 14 हेच लक्ष्य धरा असा नाही. क्लबसाठी केलेला ट्रॅक त्याहून चढा असू शकतो, फक्त चढवताना किकचा टोला मेला की तिथे थांबा.

आणि ट्रॅक पूर्ण झाला की प्रत्येक चॅनेल ऑडिओत बाउन्स करून ठेवा, इफेक्टसह एक आणि इफेक्टशिवाय एक. जुने प्रोजेक्ट उघडत नाहीत म्हणून हळहळणारे पुष्कळ आहेत. 2018 साली स्टाइनबर्ग कंपनीने व्हीएसटी 2 या जुन्या प्लगिन-पद्धतीसाठी नवे परवाने देणं थांबवलं, 2019 च्या मॅकओएस कॅटलिनामध्ये 32 बिट प्रोग्रॅम चालेनासे झाले, आणि त्या काळातल्या कितीतरी प्रोजेक्टमध्ये आता प्लगिनच्या जागी रिकामी चौकट दिसते. बाउन्स करताना शेवटच्या सुरानंतर काही बार मोकळे सोडा, नाहीतर रिव्हर्बची शेपटी मध्येच तुटते. इफेक्टशिवायच्या फाइलसोबत टेम्पो, स्केल आणि महत्त्वाच्या प्लगिनच्या सेटिंगचे स्क्रीनशॉट त्याच फोल्डरमध्ये टाकायचे.