हंगामी रोप घेताना फुलं नाही, मुळं बघा

हंगामी फुलझाडं आणायला निघण्याआधी मी कुंड्यांच्या जागी दिवसातून तीनदा जाऊन ऊन कुठवर येतंय ते बघते. सहा तास थेट ऊन असेल तर पिटुनिया, झिनिया, झेंडू, पोर्तुलाका यांतलं काहीही चालतं. सकाळचं दोन-तीन तासांचं कोवळं ऊन आणि नंतर नुसता उजेड असेल, तर इम्पेशन्स किंवा कोलियस. सावलीत ठेवलेला पिटुनिया मरत नाही, पण लांबच लांब काड्या टाकत बसतो आणि फूल देत नाही.

हवेचंही तसंच. पॅन्सीला थंडी लागते, पोर्तुलाकाला कडक ऊन. ज्याचा हंगाम सरत आलाय असं रोप कितीही देखणं असलं तरी मी उचलत नाही. त्याला मुळात आयुष्यच एका हंगामाचं असतं, त्यातलं निम्मं नर्सरीत गेलेलं असतं.

आता खरा मुद्दा. पहिल्या वर्षी मी गच्च फुललेले तीन पिटुनिया आणले होते. रोज पाणी घालत होते, तरी दुपार झाली की माना टाकायचे. तीन आठवड्यांनी एक उपटून पाहिलं, तर माती जवळजवळ नव्हतीच. पिशवीच्या आकाराचं तपकिरी मुळांचं घट्ट वेटोळं होतं आणि त्याचा मधला भाग कोरडा ठणठणीत. मी घातलेलं पाणी कडेकडेने खाली निघून जात होतं. इतके दिवस ते झाड तहानलेलं होतं आणि मला कळलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

तेव्हापासून मी आधी पिशवी उचलते आणि बूड बघते. भोकातून मुळांचा झुबका बाहेर आला असेल तर रोप परत खाली. ट्रेमधलं रोप असेल तर विचारून हळूच बाहेर काढते. पांढरी मुळं हवीत, मातीचा गोळा धरून ठेवतील इतकीच. गोळा ढासळला तर रोप अजून कोवळं आहे, काळी-चिकट मुळं दिसली तर कुजायला लागलंय.

मग पानं उलटायची. शेंड्याशी हिरवट ठिपक्यांसारखा मावा दडलेला असतो. रोप जरा हलवलं की पांढरी माशी उडते. पानावर सुईने टोचल्यासारखे फिकट ठिपके आणि खाली बारीक जाळी म्हणजे कोळी, म्हणजे घरातला कोळी नव्हे, पानांचा रस शोषणारी बारीक कीड. यातलं काहीही दिसलं तरी ते रोप नको, एक आजारी रोप सगळ्या कुंड्या बिघडवतं.

बुटकं, बुडापासून फुटवे आलेलं, कळ्यांनी भरलेलं रोप घ्या. रंग कळण्यापुरतं एखादं फूल उमललेलं पुरे.

उंची विचारून घ्या. फ्रेंच झेंडू साधारण फूटभर राहतो, कुंडीला अगदी योग्य. आफ्रिकन झेंडूच्या उंच जाती तीन फुटांपर्यंत जातात आणि वाऱ्याने लोळतात. पिटुनियातही मोठ्या फुलांपेक्षा लहान, भरपूर फुलांची जात घ्या. मोठी फुलं एका पावसात चिंध्या होतात. झिनियाला मुळं हलवलेली आवडत नाहीत, त्यामुळे अगदी लहान रोप घ्या किंवा सरळ कुंडीतच बी टाका, ते सहज उगवतं.

तीस सेंटीमीटरच्या कुंडीत मी तीन पिटुनिया लावते. सुरुवातीला रिकामं वाटतं, पण महिन्याभरात कुंडी भरते. कुंडीच्या बुडाला भोक हवंच.

शेडनेटखालचं रोप आणल्या आणल्या भर उन्हात ठेवू नका, आठवडाभर रोज थोडं थोडं ऊन वाढवा. लावायचं ते संध्याकाळी. पिशवी पाण्यात बुडवून गोळा पूर्ण भिजू द्या, वेटोळं असेल तर बोटांनी सैल करा, आणि पिशवीत जितकं खोल होतं तितकंच लावा. मग उमललेलं फूल आणि शेंडा खुडून टाका. जिवावर येतं, मला अजूनही येतं. पण दहा-बारा दिवसांत खालून फुटवे येतात.

पुढे सुकलेलं फूल काढताना नुसत्या पाकळ्या ओढू नका, खालच्या बोंडासकट खुडा. बी धरलं की झाडाला आपलं काम संपल्यासारखं वाटतं आणि ते फुलायचं थांबतं.