घरी लघवीची नळी लावलेला पेशंट असेल तर या चुका टाळा

मागच्या डिसेंबरात अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, लघवी तुंबली. प्रोस्टेट (पुरुषांमधली मूत्राशयाखालची ग्रंथी) वाढलेलं होतं, कॅथेटर म्हणजे लघवीची नळी टाकली आणि दोन दिवसांनी आम्ही नाशिकला सिडकोतल्या घरी आलो. हातात गोळ्यांची चिठ्ठी होती पण नळी कशी सांभाळायची ते कोणी नीट बसून सांगितलं नाही आणि घाईत आम्हीही विचारलं नाही.

पहिली चूक रिक्षात झाली. फॉलोअपला जाताना आईने पिशवी उचलून अण्णांच्या मांडीवर ठेवली आणि वरून शाल टाकली, लोकांना दिसायला नको म्हणून. त्र्यंबक नाक्याला गाड्या अडकलेल्या, पिशवी निम्मी भरलेली, आणि नळीतली लघवी उलटी वर सरकताना मी डोळ्यांनी बघत होते, पण हे वाईट आहे हे माहीतच नव्हतं. तिसऱ्या दिवशी हुडहुडी भरून ताप आला आणि परत ॲडमिट करावं लागलं. तेवढ्यानेच झालं असं छातीठोकपणे नाही सांगता येणार, पण डॉक्टरांनी पहिलं हेच विचारलं की पिशवी कुठे ठेवता. पिशवी कायम कमरेच्या खाली पाहिजे, म्हणजे मूत्राशयापेक्षा खाली. झोपलेले असताना कॉटच्या दांडीला अडकवा, पण फरशीवर टेकू देऊ नका. बऱ्याच पिशव्यांना उलटं जाऊ नये म्हणून व्हॉल्व्ह असतो, पण त्याच्या भरवशावर राहू नका. बाहेर निघायच्या आधी पिशवी रिकामी करा, किंवा पायाला बांधायची छोटी लेगबॅग मिळते ती विचारा, पॅन्टच्या आत राहते आणि कोणाला दिसत पण नाही.

दुसरी गोष्ट, पिशवीत लघवीच येत नाही म्हणून घाबरून जाणं. आमच्याकडे रात्री दोनला हे झालं, नाशिकची थंडी, अण्णा दोन गोधड्यांखाली, पोट फुगलेलं आणि पिशवी कोरडी. मी टॉर्च लावून पिशवीपासून वर वर नळी चाचपत गेले तर ती मांडीखाली दबून मुडपलेली. सरळ केली आणि भळाभळा चारपाचशे एमएल आली, अण्णांनी डोळे मिटून सुस्कारा टाकला. म्हणून आधी नळी बघा, क्लॅम्प (नळी बंद करायचा चिमटा) बंद राहिलाय का बघा, पिशवी गच्च भरलीय का बघा. शौचाला किती दिवस झाले तेही विचारा, कारण बद्धकोष्ठ असेल तरी नळीवर दाब येतो. हे सगळं ठीक असून लघवी येत नसेल आणि ओटीपोट दुखत असेल तर सकाळची वाट बघू नका, लगेच दवाखान्यात न्या. सिरिंजने पाणी मारून नळी मोकळी करायचा प्रयोग घरी अजिबात नको.

नळीच्या बाजूने लघवी गळायला लागली की लोक म्हणतात जाड नळी टाका. बऱ्याचदा कारण वेगळंच असतं, मूत्राशय आवळून पेटका येतो किंवा नळी अर्धवट तुंबलेली असते. ते आधी तपासून घ्या.

नळी आणि पिशवीचा जोड सारखा उघडू नका, जंतूंना तिथूनच वाट मिळते. रिकामी करायची ती खालच्या तोटीने, आधी आणि नंतर साबणाने हात धुऊन, आणि तोटी भांड्याला लागू द्यायची नाही. नेहमीची पिशवी दोन लिटरची असते, पूर्ण भरली की दोन किलोचं ओझं त्या नाजूक जागेवर लोंबतं, त्यामुळे अर्ध्याच्या थोडी वर गेली की रिकामी करा. नळी मांडीला पट्टीने बांधा, थोडी ढील ठेवून. आत मूत्राशयात नळीच्या टोकाशी साधारण १० एमएल पाण्याचा फुगा असतो, ओढ बसली की तोच आतून फाडतो आणि रक्त येतं. पेशंटने झोपेत ओढली तर जोर लावून परत आत ढकलू नका.

शेजारच्या काकूंनी डेटॉल लावायला सांगितलं होतं, आम्ही लावलंही, कातडी सोलून निघाली. साधा साबण आणि पाणी पुरतं, दिवसातून एकदोनदा, शरीराकडून बाहेरच्या दिशेने पुसायचं. पुरुषांमध्ये साफ करताना मागे केलेली कातडी परत पुढे आणायची, हे विसरलं तर तिथे सूज येऊन अडकते.

लघवी गढूळ दिसली, वास आला की लगेच ॲन्टिबायोटिक चालू करू नका. महिनाभर नळी राहिली की जवळजवळ प्रत्येकाच्या लघवीत जंतू सापडतातच. ताप, थंडी वाजणं, कमरेत दुखणं, म्हातारं माणूस अचानक असंबद्ध बोलायला लागणं, असं काही असेल तर मात्र थांबू नका. आणि तपासणीला पिशवीतली लघवी देऊ नका, सॅम्पल कुठून घ्यायचं ते सिस्टरला विचारा. थंडीत पाणी कमी पिलं जातं, त्याकडे लक्ष द्या, पण हृदय किंवा किडनीचा त्रास असेल तर किती प्यायचं ते डॉक्टरच ठरवतील.

सगळ्यात मोठी चूक मात्र आम्ही वेगळीच केली, नळी अजून लागते का हे विचारलंच नाही. लॅटेक्सची नळी साधारण दोन ते चार आठवडे, सिलिकॉनची जास्तीत जास्त बारा आठवडे चालते, बदलायची तारीख कॅलेंडरवर लिहा, पण प्रत्येक व्हिजिटला हेही विचारा की काढून बघायची का. आमची तीन आठवडे उगीच जास्त राहिली. काढली त्या दिवशी अण्णांना थोडंथोडं पाणी दिलं, मापाच्या मगात लघवी मोजली, दुपारी पहिली दीडशे एमएल आली. चारसहा तासात आली नसती किंवा पोट फुगलं असतं तर लगेच परत या असं सांगितलं होतं, त्यामुळे रिक्षावाल्या दादांचा नंबर घेऊनच बसले होते.