जुनी मल्टी-पंप एअर रायफल परत चालू कशी करायची: पंप वाढवू नका, आधी मोकळी जागा घालवा

कोल्हापूरला नेमबाजी नवीन नाही. तेजस्विनी सावंत २०१० ची वर्ल्ड चॅम्पियन, राही सरनोबत आपलीच, आणि २०२४ ला पॅरिसहून ब्राँझ घेऊन आलेला स्वप्नील कुसाळे तर राधानगरीकडच्या कांबळवाडीचा. त्यामुळं एअर रायफल म्हटलं की इथं कुणाला समजावून सांगावं लागत नाही, पण लोकांना माहीत असते ती एकतर मॅचची पीसीपी, म्हणजे आधीच हवा भरून ठेवलेल्या सिलिंडरची, नाहीतर नळी मोडून भरायची स्प्रिंगवाली. मल्टी-पंप लई कमी जणांनी हातात घेतलीय. नळीखालचा लिव्हर तीन ते आठ वेळा मारायचा, हवा आत साठते, ट्रिगर दाबला की तेवढीच हवा छऱ्यामागं जाते. स्प्रिंगचा झटका नाही, सिलिंडर भरायची कटकट नाही, आणि घराच्या मागं दहा मीटरवर मारायचं असेल तर तीन पंपातच भागतं. माझ्या मते इतकं शहाणं यंत्र एअरगनमध्ये दुसरं झालेलं नाही.

यातली जुनी, पितळी नळीची, अक्रोडाच्या दस्त्याची रायफल कुणाच्या तरी काकांच्या कपाटात पडलेली असते. ती बाहेर काढली की सल्ले सुरू होतात. डब्ल्यूडी-४० मार, ग्रीस भर, दहा-बारा पंप मार म्हणजे मोकळी होईल, नवीन सील टाकलं की झालं. यातलं पहिलं आणि तिसरं तर रायफलीचं वाटोळंच करतं, आणि बाकीच्या दोन्हींनी खरा रोग जात नाही.

आधी कॅलिबर बघा. ४.५ मिमी म्हणजे .१७७ इंच आणि छऱ्याची ताकद २० ज्यूलच्या आत असेल तर आपल्याकडं लायसन्स लागत नाही, त्याच्या वर गेलं की लागतं. हे महत्त्वाचं अशासाठी की या जातीतल्या नावाजलेल्या रायफली मोठ्या बोअरच्या, म्हणजे मोठ्या भोकाच्या आहेत. बेंजामिन ३९२ ही .२२, शेरिडन ब्लू स्ट्रीक ही ५ मिमी. बेंजामिन ३९७ तेवढी .१७७. तुमच्या हातातली मोठ्या बोअरची निघाली तर पाना हातात घ्यायच्या आधी लायसन्सचं बघा. आणि पाखरांवर एक छरासुद्धा मारायचा नाही, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात त्याला शिक्षा आहे आणि कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं.

खोलणं. छरा नाही याची खात्री, सुरक्षित दिशेला कॉक करून (म्हणजे व्हॉल्व्हवर आदळणारा हॅमर मागं ओढून) दोन-तीनदा ट्रिगर, हवा संपली की लिव्हरच्या पुढची पिन काढा, लिव्हर आणि पिस्टन एकत्र बाहेर येतात. प्रत्येक पायरीचा मोबाईलवर फोटो घ्या. नळी व्हाइसमध्ये धरू नका. बेंजामिन-शेरिडनमध्ये बॅरल खालच्या पंपाच्या नळीला डाग देऊन जोडलेली असते, एकदा तो डाग सुटला की संपलं, आणि याच कारणानं बॅरलला आवळून बसवायचा स्कोप माउंट पण मला अजिबात मान्य नाही.

साफसफाई आणि कप. नळी आतून सुती कापडानं पुसा. पंप कप, म्हणजे पिस्टनच्या तोंडावरचं सील, चामड्याचा असेल तर रात्रभर ऑइलमध्ये भिजवा, कडक होऊन चिरला असेल तर बदला. ऑइल ३० ग्रेडचं, बिनडिटर्जंटचं, बस्स. कप आत घालताना मात्र जपा. नळीच्या खालच्या खाचेची कड धारदार असते आणि नवा कप तिथंच कापला जातो, मग माणूस म्हणतो सीलच डुप्लिकेट आहे. बारीक पॉलिश पेपरनं ती कड आधी मारून घ्या आणि जुन्या एक्स-रेच्या फिल्मचा तुकडा गुंडाळून खाचेत धरा, त्याच्यावरून कप सरकवा. कपाचा ओठ दुमडला नाही ना ते टॉर्च मारून बघा.

इथपर्यंत कुणीही येतं.

आता मोकळी जागा. इथं मी बराच काळ अडकलो होतो आणि इथंच बहुतेक जण हार मानून रायफल परत कपाटात टाकतात, म्हणून नीट वाचा. लिव्हर पूर्ण बंद झाला की पिस्टनचं तोंड व्हॉल्व्हच्या तोंडाला अगदी टेकलं पाहिजे. मध्ये जी फट उरते तिच्यातली हवा दाबली जाते पण व्हॉल्व्हमध्ये जात नाही, लिव्हर उघडला की फुगते आणि परत तिथंच. ढोबळ हिशोब करा, स्ट्रोक १०० मिमी धरला आणि फट २ मिमी असली तर हवा साधारण ५० पटच दाबली जाणार. आतला दाब तेवढा झाला की पुढं तुम्ही आठ मारा नाहीतर अठरा मारा, व्हॉल्व्हचं दार उघडतच नाही, नुसता हाताला व्यायाम. फट १ मिमीवर आणली की तोच आकडा १०० पटीला जातो. कप जुना होऊन दबला, लिव्हरच्या पिना झिजल्या, की ही फट हळूहळू वाढत जाते आणि मालकाला वाटतं सील गेलं.

ओळखायचं कसं? चार-पाच पंप झाल्यावर लिव्हर बंद करून हात सैल सोडा. लगेच बोटभर उसळला तर फट आहे. लगेच न उसळता हळूहळू, ढकलल्यासारखा उघडत राहिला तर ती फट नाही, आतला इनलेट व्हॉल्व्ह, म्हणजे पंपाची हवा आत घेणारं दार, मागं हवा सोडतोय, ते प्रकरण वेगळं. दुसरी परीक्षा उलटी. पहिल्या पंपानंतर लिव्हर अर्ध्यापर्यंत उघडून सावकाश सैल करा, कप धरत असेल आणि फट नसेल तर आत पोकळी तयार झालेली असते आणि लिव्हर स्वतःच मागं खेचला जातो. हे करताना बोटं लिव्हर आणि नळीच्या मध्ये ठेवू नका.

जुन्या चांगल्या मॉडेलांत पिस्टनच्या दांड्याला आटे आणि ते जागेवर धरणारा चेकनट असतो. चेकनट सैल करा, डोकं अर्धा फेरा बाहेर काढा, नट आवळा, जोडा, बघा. परत खोला, परत अर्धा फेरा. कंटाळा येतो, येऊ दे, पण एकदम दोन फेरे देऊ नका. बरोबर जागा आली की लिव्हर शेवटच्या बोटभर अंतरात जरा अडतो आणि मग टक करून बसतो. गुडघ्याचा जोर लावावा लागला तर पुढं गेलात, पाव फेरा मागं या. तसंच रेटत राहिलात तर कप चेंबतो, पिना वाकतात आणि सगळा मार व्हॉल्व्हच्या बॉडीवर बसतो. चेकनट नसलेल्या मॉडेलला कपाच्या मागं पातळ पितळी शिम (चकती) घालायची, एका वेळी एकच. आणि काहीजण सांगतात की पिस्टनला क्ले लावून फटीचं माप घ्या. कृपा करून नको, तो क्ले व्हॉल्व्हच्या भोकात शिरतो आणि मग मोजायच्या नादात व्हॉल्व्ह खोलायची वेळ येते. हाताला जे कळतं ते पुरेसं आहे.

हल्ली ही जुनी जात प्रीमियम रूपात परत यावी अशी चर्चा हौशी लोकांत असते, आणि मी पूर्णपणे त्या बाजूचा आहे. पण प्रीमियम म्हणजे नुसतं पॉलिश मारलेलं लाकूड असेल तर ती मला नको. मला सेट करता येणारा पिस्टन पाहिजे, साध्या पान्यानं निघणारा कप पाहिजे, धातूचा लिव्हर, चांगला ट्रिगर, मागं पीप साइट, म्हणजे बारीक भोकातून बघायची, आणि सील बाजारात मिळतात त्या मापाची. महाग असू दे. महागाईचा धोका खरा आहे हे कबूल, शेरिडननं १९४७ मध्ये सुपरग्रेड काढली तेव्हा तिची किंमत साडेछप्पन्न डॉलर होती, जेमतेम दोन हजारांच्या आसपास बनल्या आणि कंपनीला मग स्वस्तातली ब्लू स्ट्रीक आणावी लागली. पण त्याच सुपरग्रेडला आज संग्राहक जीव टाकतात. आपल्यासाठी ४.५ मिमीची, २० ज्यूलच्या आतली निघाली तर हौशी माणूस पैसे साठवून घेईल. आपल्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात पंपाचे, इंजिनचे पार्ट मायक्रॉनमध्ये काढणारी माणसं बसलीत, रीतसर परवाना असलेल्या कारखान्यानं मनावर घेतलं तर पिस्टन आणि लिव्हरचं काम इथं कुठंच अडणार नाही.

जोडून झाल्यावर. पहिला पंप मारायच्या आधी कॉक करा. पूर्ण रिकाम्या रायफलीत हॅमर व्हॉल्व्हच्या दांडीवर टेकलेला असतो आणि हवा तशीच निघून जाते, कॉक केलं की धरते. मग तीन, पाच, आठ पंपांवर प्रत्येकी काही छरे मारा. छऱ्याचा वेग मोजणारा क्रोनोग्राफ मिळाला तर उत्तम, वेग प्रत्येक टप्प्याला वाढलाच पाहिजे. पाच आणि आठ सारखेच येत असतील तर फट राहिलीय, परत मागच्या पायरीला जा. ८ ग्रेनच्या छऱ्याला २० ज्यूल म्हणजे सेकंदाला साधारण २७८ मीटर, तुमचा आकडा याच्या खालीच राहिला पाहिजे. कंपनीनं आठ सांगितलेत तर आठच. त्याच्यावर गेलात की हॅमरला व्हॉल्व्ह पूर्ण उघडता येत नाही, थोडी हवा आतच राहते. शंका आली तर फायर केल्यावर छरा न घालता सुरक्षित दिशेला परत कॉक करून ट्रिगर दाबा, फुस्स आवाज आला तर पंप जास्त होतायत.

रात्री ठेवताना छरा काढून, सुरक्षित दिशेला कॉक करून एक पंप मारा आणि मग हॅमर हातानं धरून हळूच सैल सोडा म्हणजे तो कॉक राहणार नाही, व्हॉल्व्ह मिटलेला राहतो आणि धूळ जात नाही. कुलपात ठेवा, घरात पोरं असतात.

सकाळी तो पंप गेलेला असेल तर बॅरलच्या तोंडाला साबणाचं पाणी लावून बघा. बुडबुडा आला तर एक्झॉस्ट सील, म्हणजे छऱ्याकडं हवा सोडणाऱ्या दाराचं, गेलंय, नाही आला आणि लिव्हर स्वतःच उघडलेला दिसला तर इनलेट. दोन्हीसाठी व्हॉल्व्ह बाहेर काढावा लागतो आणि जुन्या बेंजामिनला त्याचा नट खाचेचा असतो, स्क्रू ड्रायव्हर ठोकून काढायला गेलात तर खाच मोडते. नटाचा आतला-बाहेरचा व्यास आणि खाचेची रुंदी व्हर्नियरनं मोजून कागदावर काढा आणि लेथवाल्याकडून पाइपच्या तुकड्याचा पाना करून घ्या, तोपर्यंत व्हॉल्व्हला हात लावू नका.